क्रेमर-सानांची वंशावळ

कावासाकीतल्या त्या गल्लीत क्रेमर-सानांना, म्हणजे आपल्या भाषेत क्रेमररावांना, सगळे हसायचे, पण प्रेमानं. सहा फुटांचा, पांढऱ्या जाड भुवयांचा हा अमेरिकन म्हातारा जपानी बोलायचा ते अगदी बायकांसारखं. इथल्या बायका वाक्य संपवताना आवाजाला एक लाडिक वळण देतात, तस्संच वळण देत हा मुळ्याचा भाव विचारायचा. भाषा शिकला बायकोकडून, आणि तिनं शिकवली तशीच जन्मभर बोलत राहिला. बायको फुमिको जाऊन दोन वर्षं झाली होती. भाजीवाली एकदा सुचेताला म्हणाली, "ते बोलायला लागले की मी मान खाली घालून पिशवी भरते. वर बघितलं नाही, तर फुमिको-सानच दुकानात आल्यासारखी वाटते."

सुचेता बर्वे त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा राजीव सॉफ्टवेअरच्या कामावर कावासाकीला आला आणि त्याच्या मागून ती आली, त्याला तीन वर्षं झाली होती. सांगलीच्या मराठी शाळेत शिकलेली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. इंग्रजी वाचायला पक्की, बोलायची वेळ आली की जीभ जड. राजीव सकाळी गेला की घरात ती आणि कपाटावर मांडलेले देव. उदबत्ती लावली की छताला बसवलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागे, म्हणून नुसतं फूल वाहायचं आणि हात जोडायचे. देवाला चालतं, असं तिनं स्वतःचं समाधान करून घेतलं होतं.

राजीवच्या कंपनीत क्रेमर-सान यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं इंग्रजी तपासून द्यायचे. पण शहाण्णव साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग बसला. कडेकडेचं दिसे, समोरचं नाही. नोकरी सुटली. शेवटच्या दिवशी त्यांनी राजीवला विचारलं, "तुमच्या मिसेस इंग्रजी वाचतात का? मला माणूस हवाय. शुद्ध इंग्रजीवाला नको, चिकट हवा."

"चिकट म्हणाल तर आमच्या घरात तीच," राजीव म्हणाला, आणि घरी येऊन ही गोष्ट स्वतःच्या विनोदासकट सुचेताला सांगितली.

पहिल्या दिवशी ती खाली गेली, तर म्हाताऱ्यानं चहाबरोबर टाइप केलेलं एक पान पुढं सरकवलं. "वाचा, मिसेस बर्वे. मोठ्यानं."

तिनं वाचलं. "व्हर्जिल. जन्म १९२२. सैन्यात नोकरी. नंतर जपानात वास्तव्य. अविवाहित."

तिनं मान वर केली. खोलीच्या कोपऱ्यात काळ्या लाकडाचा देव्हारा होता. त्यात फुमिको-सानचा फोटो, आणि पुढं वाटीत त्याच सकाळचा भात.

"इथं काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"चुकलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं लिहिलंय."

मग हळूहळू सगळं कळलं. ओहायोतल्या शेतावर वाढलेला हा मुलगा लढाई संपल्यावर सैन्याबरोबर योकोहामाला आला. तिथल्या कचेरीत फुमिको टाइप करायची. एक्कावन्न साली दोघांनी लग्न केलं. घरी कळवलं, तर वडिलांचं उत्तर आलं की अशी सून या घरात येणार नाही, आणि ती येणार नसेल तर तूही नाही. घराण्याच्या जुन्या बायबलात मुलांची, लग्नांची नावं लिहायची पद्धत होती. त्यात त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहिली. आई गेली, बाप गेला, बोलावणं आलं नाही. मूलबाळ झालं नाही. क्रेमर-सान संध्याकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, गॅलरीत पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगायचे, आणि फुमिको त्यांच्या मोज्यांना रफू करायची. असा त्रेचाळीस वर्षांचा संसार.

आता क्रेमर घराण्याची मंडळी ओहायोत दर उन्हाळ्यात जमायची आणि घराण्याचं पुस्तक छापणार होती. त्याचं काम थोरली बहीण एडिथ बघत होती. छापण्याआधी तिनं भावाला त्याचं पान तपासायला पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी नव्हती.

"त्रेचाळीस वर्षं," क्रेमर-सान म्हणाले. "आणि मी अविवाहित. मला एवढंच हवंय, त्या पानावर फुमिकोचं नाव यावं. मरायच्या आत."

सुचेताला हे शब्दन्‌शब्द कळलं. तिच्या माहेरी चुलत्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता. गावोगाव पोस्टकार्डं धाडणं, आलेली उत्तरं लावणं, हे सगळं परकरी वयात तिनंच केलं होतं. एका भावकीचं नाव गाळलं म्हणून छापल्यावर केवढी रणं माजली होती! पुस्तकात नसणं म्हणजे जन्मालाच न येणं.

"बहिणीला सरळ लिहा ना," ती म्हणाली.

"चारदा लिहिलं. तिला पुरावा लागेल, आणि तोही दुसऱ्याच गोष्टीचा." म्हाताऱ्याच्या तोंडावर मिश्कील हसू आलं. "माझी आजी आजोबांवर चिडली की म्हणायची, तुमच्या घराण्यातली पहिली सून रेड इंडियन होती, ते आधी बघा. की सगळे तिला गप्प करायचे. बाहेरची बायको केली म्हणून ज्यांनी मला टाकलं, त्यांचं मूळच तसल्या बायकोच्या पोटी असेल तर?"

"इंडियन म्हणजे..."

"तुमच्यातली नाही. कोलंबसाच्या चुकीतली."

घराण्याचं पुस्तक जॉन ॲडम क्रेमर या माणसापासून सुरू होत होतं. इंग्रजांच्या राज्यात, पेन्सिल्वेनियाच्या डोंगरांपलीकडच्या एका खोऱ्यात यानं जंगल तोडून शेत केलं, असं त्यात होतं. त्याच्या बापाच्या जागी मात्र टिंबं.

टोकियोत एका अमेरिकन चर्चच्या इमारतीत वाचनाची खोली होती. तिथं मागणी नोंदवली की अमेरिकेतल्या जुन्या नोंदींच्या फिल्मची रिळं टपालानं यायची आणि यंत्रावर लावून वाचता यायची. पाद्र्यांनी जर्मनमध्ये ठेवलेल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदी, कुणीतरी नंतर इंग्रजीत टाइप केलेल्या. सुचेता आठवड्यातून एकदा दोन गाड्या बदलून तिथं जाऊ लागली. अंधाऱ्या खोलीत, उजळलेल्या पडद्यावर दोनशे वर्षांपूर्वीची माणसं खालून वर सरकायची. अमक्याचं पोर देवीनं गेलं. तमक्याची बायको बाळंतपणात गेली. नाव वाचलं की ती मनात देवाचं नाव घेई आणि मग पुढं सरके. त्या माणसांसाठी तेवढं तरी, असं तिला वाटे.

जानेवारीत तिला सापडलं. ॲडम क्रेमर. अरण्यातल्या एका इंडियन बाईला बाप्तिस्मा देऊन मारिया नाव ठेवलं आणि ॲडमनं तिच्याशी लग्न केलं. पुढच्या पानावर त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा. मुलाचं नाव होतं तिथं मूळ कागद फाटलेला, अशी टीप. आणि काही वर्षांनी, सारा भरणाऱ्यांच्या यादीत ॲडमच्याच जमिनीवर नाव होतं, जॉन ॲडम क्रेमर.

सुचेताला वेगळा विचार करायचं कारणच नव्हतं. महादेव गोविंद, गोविंद विष्णू, विष्णू बल्लाळ. कुलवृत्तांत लावायचा तो असाच. माणसाच्या नावाला बापाचं नाव जोडलेलं असतं, कडीत कडी अडकवत मागं जायचं. जॉन ॲडम म्हणजे ॲडमचा जॉन. तिनं कागदावर रेघ ओढली आणि देवाला मनापासून नमस्कार केला.

क्रेमर-सानांनी तिला दोनदा विचारलं. "जॉन ॲडम हा त्या ॲडमचा मुलगा, असं लिहिलंय?"

"हो, लिहिलंय."

"स्पष्ट?"

"अगदी स्पष्ट."

नाव समोर होतं. यापेक्षा स्पष्ट ते काय असणार?

पत्र गेलं, सोबत पानांच्या नकला गेल्या. फेब्रुवारीत एडिथचं उत्तर आलं. अक्षर कापरं, ओळी तिरक्या. सुचेतानं वाचून दाखवलं. 'तुझं पत्र आल्यापासून मी चर्चला गेले नाही. लोकांना तोंड दाखवायला नको वाटतं. पण व्हर्जिल, हे असं असेल तर बाबांनी तुला कुठल्या तोंडानं टाकलं? फुमिकोचं पूर्ण नाव, जन्मसाल आणि लग्नाची तारीख पाठव. मी छापखान्याला थांबवलंय.'

"परत वाचा," क्रेमर-सान म्हणाले.

तिनं वाचलं.

"फुमिकोचं नाव आहे तेवढी ओळ परत."

मग ते उठले, फुमिकोच्या फोटोशी जाऊन बसले आणि तिच्याच लाडिक जपानीत तिला काहीबाही सांगत राहिले. सुचेता हळूच दार ओढून बाहेर पडली. इतकं पुण्याचं काम आपल्या हातून कधी झालं नाही, असं तिला जिना चढताना वाटलं.

मार्चमध्ये त्यांच्या पोटातलं दुखणं बाहेर पडलं. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर राजीवला बाजूला घेऊन म्हणाले, इथला उन्हाळा, म्हणजे जुलै, बघतील असं वाटत नाही. क्रेमर-सानांना ते न सांगताच कळलं होतं. "पुस्तक जूनला छापून होतंय," ते म्हणायचे. "जूनपर्यंत टिकलं पाहिजे. मग काय ते होवो."

शेजारच्या खोऱ्यातल्या चर्चच्या नोंदींचं एक रीळ सुचेतानं आधीच मागवून ठेवलं होतं. ते एप्रिलमध्ये आलं. गरज नव्हती खरं तर, पण आलेलं परत कशाला पाठवा, म्हणून ती गेली. त्यात ॲडमचा भाऊ हेन्री निघाला. हेन्रीच्या घरात झालेले तीन बाप्तिस्मे, जॉन मायकेल, जॉन जेकब, जॉन ॲडम.

तिला वाटलं, हेन्रीनं दुसऱ्यांची पोरं सांभाळली असावीत. एक मायकेलचा, एक जेकबचा, आणि एक भावाचा. किती मोठ्या मनाचा माणूस!

त्या खोलीची व्यवस्था मिसेस टॅनर नावाची एक वयस्क अमेरिकन बाई बघायची. ती सुचेताचा सभासदाचा कागद नव्यानं भरत होती.

"सुचेता राजीव बर्वे. हे राजीव तुमचं लहानपणीचं नाव का?"

"नाही, ते माझ्या मिस्टरांचं."

"नवऱ्याचं नाव तुमच्या नावात? गंमत आहे. आणि लग्नाआधी?"

"सुचेता जयप्रकाश. जयप्रकाश माझे वडील."

"म्हणजे मधलं नाव नेहमी बापाचं?"

"हो." सुचेता हसली. "तुमच्यात नसतं तसं?"

"नाही गं बाई! माझं मधलं नाव रूथ. माझा बाप रूथ होता की काय?" मिसेस टॅनर पोट धरून हसली. मग तिचं लक्ष पडद्याकडं गेलं. "आणि या जर्मन लोकांची तर तऱ्हाच वेगळी. घरातल्या सगळ्या पोरांना पुढं जॉन लावायचे, हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. हे बघ, मायकेल, जेकब आणि ॲडम. तिघं सख्खे भाऊ, हेन्रीचे. धाकट्याला काकाचं नाव ठेवलेलं दिसतंय."

म्हणजे जॉन ॲडम हेन्रीचा मुलगा, ॲडमचा नव्हेच. सुचेताला हसू थांबवायचं सुचेना, तोंड तसंच उघडं राहिलं.

यंत्राचा दांडा फिरवत ती त्याच पाद्र्याच्या दफनांच्या नोंदींपर्यंत गेली. जायला नको होतं, पण गेली. तिथं ते होतं. 'ॲडम क्रेमर, त्याची बायको मारिया आणि मांडीवरचं पोर, यांना एकाच खड्ड्यात पुरलं. घराला आग लावली ती इंडियनांनी नव्हे. आपल्याच खोऱ्यातली माणसं होती, आणि हेन्रीचे मुलगे त्यांच्यात होते. आदल्या रात्री ती आसरा मागत आली होती. देव मला क्षमा करो, मी दार उघडलं नाही.'

घर जाळलं आणि जमीन पुतण्याच्या नावावर लागली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा असा. भाऊबंदकी तिनं गावाकडं पाहिली होती, बांधावरून डोकी फुटलेली पाहिली होती. पण मांडीवरचं पोर?

संध्याकाळी राजीव जेवता जेवता सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "हे बघ, तू यातलं काही पाहिलंच नाहीस. तो माणूस मरायला टेकलाय. पुस्तकात बायकोचं नाव आलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"अहो, पण खोटं आहे ते."

"नाव खोटं आहे का? लग्न खोटं आहे का? मग? हरिश्चंद्राचा अवतार नको घेऊस आता."

राजीवचं म्हणणं तिला पटत होतं, हीच अडचण होती. देवांपुढं ती पुष्कळ वेळ बसली. फुमिकोचं नाव खरं होतं. पण ते नाव पुस्तकात घेणारी रेघ त्या मांडीवरच्या पोरावरून जात होती. सुचेतानं ओढलेल्या रेघेत ते पोर मेलंच नव्हतं. ते वाढलं, त्याचं लग्न झालं, त्याचा वंश ओहायोत दर उन्हाळ्याला जेवणावळी घालत होता. ज्यांनी जाळलं त्यांचीच पोरं आता त्याची नातवंडं म्हणून मिरवणार. पितरांना पाणी देताना ज्यांच्या मागं कुणी उरलं नाही त्यांच्या वाट्याचंही पाणी सोडतात, हे तिनं वडिलांना करताना पाहिलं होतं. या पोराचं तर मरणही आपण काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली.

"क्रेमर-सान, माझ्या हातून चूक झाली."

"चहा सांडलात कुणाच्या अंगावर?"

"नाही. जॉन ॲडम हा ॲडमचा मुलगा नव्हे." आणि तिनं नावाचं सगळं सांगितलं.

आधी ते हसले. हसता हसता पोट धरून वाकले. "माझं मधलं नाव ली आहे. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी कुणा चिनी माणसाचा पोरगा!" मग तिचा चेहरा कडेच्या नजरेनं त्यांना दिसला असावा. "अजून काय आहे?"

तिनं उतरवून आणलेली नोंद वाचली.

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. "पोर केवढं होतं?"

"मांडीवरचं, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे मी पेटवणाऱ्यांचा."

"जॉन ॲडमचं नाव घेऊन नाही लिहिलं. हेन्रीचे मुलगे, एवढंच आहे."

"आणि जमीन?"

"जमीन त्याच्या नावावर."

"मग झालं की." त्यांनी डोळे मिटले. "एडिथला कळवा. सगळं, ही नोंद धरून."

"फुमिको-सानचं नाव जाईल," सुचेता म्हणाली. "मी आधी नीट बघायला हवं होतं. आता नाही कळवलं तरी..."

"मिसेस बर्वे, फुमिकोच्या हातून स्टेशनवर दुसऱ्याची छत्री चुकून आली, तर ती तेवढ्यासाठी परत जाऊन देऊन यायची. दुसऱ्याचं मेलेलं पोर पुढं करून मी तिला आत नेऊ?" थोड्या वेळानं ते जरा उजळले. "आणि एडिथ आता पहिली राहिलेली नाही. तुम्हीच वाचलंत ना तिचं पत्र? एकदा उघडलेलं माणूस असं मिटत नाही. तुम्ही कळवा."

राजीवच्या ऑफिसातून फॅक्स गेला. चार दिवस गेले, उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी क्रेमर-सान म्हणाले, मी स्वतः बोलतो. सुचेतानं त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून व्हरांड्यातल्या परदेशी फोनपाशी नेलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. एडिथला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ती ओरडूनच बोलायची. सगळं सुचेताला ऐकू येत होतं.

"व्हर्जिल! अरे, देवाची केवढी कृपा म्हणायची!"

"फॅक्स मिळाला तुला?"

"मिळाला. वाचला आणि आधी गुडघे टेकून आभार मानले. महिनोन्‌महिने डोळ्याला डोळा नव्हता रे माझ्या. नातवंडं जवळ आली की वाटायचं, यांच्यात कुणाचं रक्त आहे कोण जाणे. आपलं रक्त चोख आहे, व्हर्जिल."

"एडिथ, तू खालचं वाचलंस? आगीचं?"

"वाचलं. काळच वाईट होता तेव्हा. जंगलात राहायचं म्हणजे... आणि आपल्या माणसाचं नाव कुठं घेतलंय त्यात?"

"मांडीवरचं पोर होतं, एडिथ."

"दोनशे वर्षं झाली त्याला!"

रिसीव्हर धरलेल्या सुचेताच्या हातावर क्रेमर-सानांनी आपला हात ठेवला. तो थंडगार होता. "आणि फुमिको?"

"छापखान्याला सांगितलंय, पान पहिल्यासारखं ठेवा म्हणून. कशाला लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायची? तू समजून घे. तुझी तब्येत कशी आहे? मी रोज प्रार्थना करते तुझ्यासाठी."

"सो नानो," क्रेमर-सान म्हणाले. असं होय गं, या अर्थानं बायका म्हणतात तसं. पलीकडं एडिथ "काय? काय म्हणालास?" ओरडत होती. त्यांनी सुचेताला खूण केली, ठेवा.

खोलीत परत आल्यावर ते म्हणाले, "ती घाबरली होती, मिसेस बर्वे. मी घाबरलेल्या माणसाला बदललेलं माणूस समजलो."

"मी सांगितलं नसतं तर..."

"तर तुमच्या देवापुढं तुम्ही कशा बसला असतात?" एवढं बोलले आणि भिंतीकडं वळले.

पुस्तकाचा विषय त्यांनी परत काढला नाही. जूनपर्यंत टिकायचं, हे म्हणणंही सोडून दिलं. खाणं कमी झालं, बोलणं त्याहून कमी. सुचेता रोज जाऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "काही वाचून दाखवू?" तर म्हणाले, "नको. आता वाचायचं राहिलं नाही." मेच्या अखेरीस, एका टळटळीत दुपारी, ते गेले. राजीव तिला 'तरी मी सांगत होतो' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

कायद्यानं वारस एडिथ. वकिलातीतून तिचं म्हणणं आलं, की भावाच्या अस्थी ओहायोला पाठवाव्यात, आई-वडिलांच्या शेजारी जागा राखलेली आहे, तो आपल्या माणसांत येईल. कावासाकीतल्या देवळाच्या आवारात फुमिकोची समाधी होती. इथल्या रिवाजाप्रमाणं तिच्या नावाशेजारी नवऱ्याचंही नाव तेव्हाच कोरून ठेवलेलं होतं, जिवंत माणसाचं म्हणून लाल रंग भरलेलं. पण त्याला कायद्यात किंमत नव्हती. ज्या बापानं टाकलं, त्याच्या शेजारी हा अविवाहित मुलगा निजणार होता.

दहनाला तिघं होती. सुचेता, राजीव आणि दुकान बंद करून आलेली भाजीवाली. इथं राख गोळा करत नाहीत. लांब काड्यांनी हाडं उचलायची, दोघांनी मिळून एकेक, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत. सुचेताच्या काड्यांतून पहिलंच हाड निसटलं. भाजीवालीनं तिच्या काडीला काडी लावून आधार दिला. शेवटी गळ्याजवळचं एक हाड राहिलं. मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं म्हणून ते सगळ्यांत मोलाचं मानतात आणि शेवटी ठेवतात.

काळ्या कोटातल्या कर्मचाऱ्यानं वाकून विचारलं, "सगळं एकाच कलशात ना?"

"वेगळं ठेवता येतं?" सुचेतानं विचारलं.

"येतं. पुष्कळ जण दोन ठिकाणी ठेवतात. लहान कलश देऊ?"

राजीव मराठीत कुजबुजला, "अगं, एडिथबाईंना विचारायला हवं. हक्क त्यांचा आहे."

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

सुचेता त्या हाडाकडं बघत राहिली. "एकदा खरं कळवून बघितलं ना त्यांना," ती म्हणाली.

कर्मचारी अदबीनं थांबला होता. मग राजीवच त्याच्याकडं वळला आणि जपानीत म्हणाला, "लहान कलश द्या."

ते हाड भाजीवालीनं आणि सुचेतानं मिळून उचललं आणि लहान कलशात ठेवलं. तो कलश त्याच आठवड्यात फुमिकोच्या शेजारी गेला. देवळातल्या भिक्षूंनी कुठलीही चौकशी केली नाही. मोठा कलश कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत बसवून ओहायोला गेला. सोबत सुचेतानं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, की तुमच्या भावाच्या अस्थी पाठवत आहोत, सांभाळून उतरवून घ्याव्यात. सगळ्या, असं लिहिलं नाही. थोड्या, असंही लिहिलं नाही.